गडग्यावर बसलेला रस्ता

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. अंजनवेल

पाऊस जाऊन महिना झाला. दिवाळीपर्यंत वाडीचा रस्ता शहाण्यासारखा बसून होता. आज सकाळी दूधवाल्याची मोटारसायकल गेली आणि तिच्यामागे गुडघाभर उंचीची तांबडी शेपटी उठली. यंदाचा पहिला धुरळा. आता मिरगापर्यंत हा आमच्याबरोबर जेवणार आणि आमच्याच अंथरुणात झोपणार.

डांबर वरच्या तिठ्यापर्यंत आहे. तिथून खाडीकडे उतरत आमच्या आगरापर्यंत तीनशे मीटर माती. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी देशावर. ही म्हणते, "जगाला खडी घातलीत आणि आपल्या दारात फुफाटा." याला उत्तर नाही.

संध्याकाळी गडग्यावरून बोट फिरवलं, लाल झालं. ही धूळ कुठून बाहेरून आलेली नाही, हा आमचाच रस्ता. कच्च्या रस्त्यात खडे असतात, वाळू असते आणि दोघांना धरून ठेवणारी बारीक चिकण माती असते. चाकाखाली सुटते आणि उडते ती ही धरून ठेवणारी. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून निसटणारी. ती गेली की खडे मोकळे होतात, चाकं त्यांना कडेला फेकतात, चाकोऱ्या पडतात आणि पावसाचं पाणी त्या चाकोऱ्यांतून गटारासारखं धावतं. लोक धुरळ्याला खोकल्याचा नि वाळत घातलेल्या कपड्यांचा त्रास समजतात. मला ती चोरी वाटते. रोज चिमूटभर रस्ता उचलून कोणीतरी गडग्यावर, माडाच्या झावळ्यांवर आणि आमच्या ओटीवर नेऊन ठेवतंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या हिच्याकडून मागून घेतल्या. कशाला, ते आधी सांगितलं नाही. एकीत चाकोरीतली माती, दुसरीत कडेच्या गवताखालची, जिच्यावरून कधी चाक गेलेलं नाही. दोन्हीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांचा सोडा. खळखळून हलवून ओटीच्या कठड्यावर ठेवल्या.

वाळू मी साठ अंक मोजायच्या आत खाली बसली. गाळ बसायला दोन तास लागले. चिकण मात्र संध्याकाळपर्यंत पाणी गढूळ करून लोंबकळत होती. खात्यात या कामाला चाळण्या, भट्टी आणि तीन सह्या लागत. बरणीला काही लागत नाही, फक्त मध्ये कोणी हात लावायचा नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दोन्ही बरण्यांतलं पाणी निवळत आलेलं. गवताखालच्या मातीत वरचा चिकणीचा थर करंगळीएवढा जाड. चाकोरीच्या मातीत कागदाच्या घडीएवढा. एकाच रस्त्याची माती, अंतर चार फूट. एवढंच बघायचं होतं.

आमचा दगड जांभा आणि माती त्याचीच लेक. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या कंपनीच्या डॉक्टरने मलबारात हा दगड पाहिला. खाणीत असताना कुऱ्हाडीने कापता येतो, बाहेर काढून वाऱ्यावर ठेवला की विटेसारखा कडक होतो. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून १८०७ साली त्याने दगडाला लॅटराइट नाव दिलं. आमच्याकडे चिरे काढणाऱ्याला हे नाव माहीत नाही, पण ओला चिरा सुकला की पुन्हा हत्यार चालत नाही हे त्याच्या मनगटाला माहीत असतं. गोपाळगडाचा तट याच दगडाचा, जमिनीच्या बाजूचा खंदकही याच कातळात खोदलेला. अठराव्या शतकात तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून घेतलेला हा गड. तटावरचे चिरे एवढे पावसाळे खाऊन उभे आहेत आणि त्याच कातळाचा भुगा आमच्या रस्त्यावर एक हिवाळा तग धरत नाही. दगड तोच. तटात तो बांधलेला आहे, आमच्याकडे मोकळा पडलाय.

१ डिसेंबर, रविवार

शेजारच्या वहिनींनी आज खळं केलं. मी खुर्ची टाकून बघत बसलो. त्यांना वाटलं, काकांना वेळ जात नाही.

आधी जुनं खळं उकरून खडे वेचले. मग आगराच्या बांधाकडची चिकण माती आणून पसरली, पाणी मारलं आणि रात्रभर मुरत ठेवलं होतं. सकाळी पाय ठेवला तर चिकटत नव्हता आणि धूळही उठत नव्हती. त्या बेताला चोपणं घेऊन बसल्या. धप धप धप, एका ओळीत, मागची ओळ अर्धी झाकत. घराकडून गडग्याकडे बारीकसा उतार. सूत नाही, पातळी नाही. दुपारी पाण्याचा तांब्या घराच्या पायरीशी ओतला, पाणी रमतगमत गडग्याशी गेलं. "बरोबर आलाय," म्हणाल्या. उद्या शेणाचा सडा, मग सारवण.

आमची आई वारुळाची माती आणायची. नागाचं वारूळ कधी नाही, वाळवीने सोडून दिलेलं. तरी आधी हात जोडायची. तिच्या खळ्यावर भात झोडलं तरी दाण्यात खडा यायचा नाही.

१९३३ साली अमेरिकेत प्रॉक्टर नावाच्या इंजिनियरने सिद्ध केलं की मातीला ठरावीक ओलाव्यातच सगळ्यात घट्ट दाबता येतं. कमी ओल असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत आणि जास्त असेल तर पाणीच जागा अडवून बसतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले. वहिनींनी 'पाय चिकटत नाय नि धूळ उठत नाय' एवढ्यावर भागवलं.

१५ जानेवारी २०२५, बुधवार. किंक्रांत

रस्त्याकडेच्या कलमांना मोहोर आलाय. आतल्या कलमांचा मोहोर पिवळसर, रस्त्याकडेचा विटकरी. पुतण्या फवारणीच्या पंपाने नुसतं पाणी मारून पानं धुतोय. पानावर धूळ बसली की उजेड अडतो आणि कोळी किडीचंही फावतं, कारण तिला खाणारे बारके किडे धुळीत टिकत नाहीत. धुतलेलं पान दोन दिवसांत पुन्हा तसंच.

पुतण्याला म्हटलं, चल, एक गंमत करू. गडग्यावर स्टीलचं ताट ठेवलं, घासूनपुसून. त्याने पिकअप चाळिसाच्या वेगाने दहा वेळा वर-खाली नेला. ताट उचलून आतली धूळ वहीच्या पानावर झटकली. मग ताट पुसून पुन्हा तेच, विसाच्या वेगाने. दुसऱ्या पानावरचा ढीग पहिल्याच्या अर्ध्याहून लहान. पुतण्या दोन्ही पानं हातात धरून बघत राहिला आणि मग म्हणाला, "पण काका, विसाने गेलो तर आंबा धोपाव्याच्या फेरीबोटीवर कधी पोचायचा?"

तीनशे मीटर विसाने गेलं तर अर्धं मिनिट जास्त लागतं. हिशेब मांडून दाखवला. त्याने मान हलवली, पण तरुण माणसाच्या मान हलवण्यावर रस्त्याचं अंदाजपत्रक करता येत नाही.

दहा मायक्रॉनचा मातीचा कण दोन मीटर उंचीवरून खाली यायला चार-पाच मिनिटं घेतो. दुपारचा खारा वारा तेवढ्या वेळात त्याला किलोमीटरभर लांब नेतो. जड तेवढं आमच्या गडग्यावर उतरतं. हलकं कोणाच्या छातीत जातं, ते ताटात मोजता येत नाही. हिचा खोकला रात्री वाढतो.

२ फेब्रुवारी, रविवार

पुतण्या गॅरेजमधून जळक्या ऑईलचा कॅन घेऊन आला. "फुकट मिळालंय काका, मारलं की महिनाभर धूळ नाय." खरं आहे. मीही पूर्वी साइटवर मारताना पाहिलंय आणि गप्प बसलोय.

त्याला टाइम्स बीचची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं दोनेक हजार वस्तीचं गाव. डांबरीकरणाला पैसे नव्हते, म्हणून १९७० च्या दशकात एका कंत्राटदाराकडून धुळीवर टाकाऊ तेल मारून घेतलं. त्या तेलात एका कारखान्याचा डायॉक्सिनचा कचरा मिसळलेला होता. १९८२ च्या डिसेंबरात तपासणीचा निकाल आला, त्याच सुमाराला पूर आला, आणि १९८३ मध्ये सरकारने अख्खं गाव विकत घेऊन रिकामं करायचं जाहीर केलं. धूळ बसावी म्हणून घेतलेल्या तेलाने गाव उठलं.

आमच्या कॅनमध्ये डायॉक्सिन नसेल. पण इंजिनाची झीज, शिसं, काय काय असतं कोण जाणे, आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची विहीर आहे. कॅन परत गेला. पुतण्या थोडा रुसला.

डांबरी रस्ते पसरले तेही धुळीपायीच. खडी पसरून पाण्याने बसवलेले जुने रस्ते घोड्यांच्या टापांना पुरे पडत. मोटारी आल्या आणि त्यांच्या रबरी चाकांनी बारीक चूर ओढून काढायला सुरुवात केली. मोनॅकोत गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या स्विस डॉक्टरने १९०२ साली रस्त्याच्या तुकड्यावर गरम डांबर ओतून दाखवलं. लोक त्याला 'डॉक्टर डांबर' म्हणू लागले. रस्ते गुळगुळीत व्हावेत हे पुढचं. त्याला लोकांचे नाक-डोळे वाचवायचे होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खारं पाणी. हे सुचवलं शेजारच्या वहिनींच्या दिरांनी, ते होडीवर असतात. खाडी चार पावलांवर, पंप आहे, पाणी फुकट. कल्पना वेडगळ नाही. परदेशात रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड नि मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, ती मिठं हवेतली ओल ओढून रस्ता दमट ठेवतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार. त्यात बहुतेक साधं मीठ, मॅग्नेशियमचं थोडं. आणि आमच्याकडे हवेत ओल कमी पडत नाही.

वीस फुटांचा तुकडा केला, तिठ्याजवळ, विहिरीपासून लांब.

१६ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस छान गेले. सकाळी तो तुकडा दमट, काळसर, पाऊल उमटेल असा. दुपारी मात्र कडेला पांढरी खरपुडी धरायला लागली आणि कालपासून तीच खरपुडी चाकाखाली फुटून पांढरी धूळ उडते. म्हणजे रोज मारायला हवं. आणि रोज मारलेलं मीठ जाणार कुठे? जूनमध्ये पहिल्या सरीबरोबर आगरात. माड ते पचवील, हापूस पचवणार नाही. प्रयोग बंद. दिरांना सांगितलं तेव्हा ते हसले, "बघा, आम्ही तर मिठातच जगतो."

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

रात्री होळी पेटली. आज धुळवड, या रस्त्याला वर्षभर असते ती. पालखी वाडीत येणार म्हणून सगळ्यांनी मिळून टँकर आणला. पाच हजार लिटर. तीन मीटर रुंद, तीनशे मीटर लांब म्हणजे नऊशे चौरस मीटर, प्रत्येकी साडेपाच लिटर. रस्ता सकाळी काळाभोर, मातीचा वास सुटलेला. ढोल आला, पालखी नाचली, बायकांनी ओट्या भरल्या आणि कोणाच्याही नाकाला रुमाल नव्हता.

तीन वाजेपर्यंत रस्ता पांढुरका झाला. साडेचारला पाहुण्यांच्या गाड्या परतल्या तेव्हा धुरळा पहिल्यासारखा. दुपारपर्यंतच्या आयुष्याला पाच हजार लिटर! महिन्याभरात विहिरी तळाला जातील, तेव्हा याच टँकरसाठी हंडे रांगेत लागतील. देवासाठी एक दिवस ठीक. रोज पाणी मारणं मला पाप वाटतं, आणि हे मी इंजिनियर म्हणून लिहितोय.

रात्री अंगणात बसल्यावर वाडीतल्या सगळ्यांना बरणीची गोष्ट सांगितली. तीनशे मीटरचं आपल्याला झेपणार नाही, वळणापासून खालचे शंभर मीटर, जिथे चढ आहे आणि सगळे गिअर बदलतात, तेवढं तरी नीट करू. वर्गणी ठरली. दोघे तयार झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, उद्या डांबर येणार आहे. हे उद्या मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

२३ मार्च, रविवार

हिशेब: १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दबल्यावर १० सेंटीमीटर जाड. ३० घनमीटर. मोकळा माल तीस टक्के जास्त धरायचा, ३९. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. चौदा ब्रास मुरूम. गौण खनिजाची पावती असलेलाच घेतला. स्वस्तातला दुसरा होता, तो दाखवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवला.

नुसता मुरूम घालून भागत नाही. खाणीतला मुरूम खडबडीत, बरणीत त्याची चिकण अगदीच कमी निघाली. म्हणून पाचाला एक या प्रमाणात आगराच्या बांधाची चिकण माती मिसळली. फार मिसळली तर पावसात बैलसुद्धा घसरेल. कमी मिसळली तर डिसेंबरात पुन्हा धुरळा. पाणी जुन्या चिरेखाणीत उरलेल्या डबक्यातलं. शेवाळी, हिरवट, पण गोडं.

पहाटे साडेपाचला सुरुवात. आधी जुना रस्ता दातेरी फावड्याने खरवडला, नाहीतर नवा थर पापडासारखा सुटतो. सूत लावलं. मध्य कडेपेक्षा सहा सेंटीमीटर उंच, दीड मीटरला चार टक्के उतार. पोरांना हे पटेना. रस्ता सपाट हवा ना? वहिनींच्या खळ्यावर नेऊन तांब्या ओतून दाखवला.

पाणी मारत, उलटसुलट करत माल कालवला. मी मूठ मारून बघत होतो. मूठ दाबली की गोळा धरला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला की दोन-तीन तुकडे व्हायला हवेत. पहिला गोळा पीठ झाला. अजून पाणी. दुसरा थप्प करून चपाती. ऊन खाऊ दिलं. तिसरा तीन तुकड्यांत फुटला तेव्हा ओरडलो, "आणा रोलर!" गळ्यातला तो आवाज सात वर्षं कुठे गेला होता कोण जाणे. ही ओटीवर आली, म्हणाली, "जरा हळू, ब्लडप्रेशर आहे."

रोलर कडेकडून मध्याकडे, दर फेरीत अर्धा पट्टा मागच्यावर. मध्यावरून सुरुवात केली तर माल कडेला पळतो आणि उतार मरतो. ड्रायव्हर नवखा होता, दोनदा थांबवावं लागलं. सहा फेऱ्यांनंतर टाचेने ठोकून पाहिलं, खूण उमटली नाही. कोपऱ्यात, जिथे रोलर पोचला नाही, तिथे वहिनी चोपणं घेऊन बसल्या.

कडेचं गटार नांगराच्या तासाएवढं ओढलं. खालच्या मोरीचं तोंड दगडमातीने बुजलं होतं, ते साफ केलं. आत एक चप्पल, नारळाची करवंटी आणि कोणाचा तरी हरवलेला क्रिकेटचा चेंडू.

२४ मार्च, सोमवार

पाठ धरली. आठ दिवस संध्याकाळी हलकं पाणी शिंपडायचं. बाकी काही नाही.

२० एप्रिल, रविवार

चार आठवडे झाले. शंभर मीटरांत मोटारसायकलमागे शेपटी उठत नाही, पिकअपमागे पातळ पदर उठतो आणि लगेच बसतो. वरच्या दोनशेत जुनाच तमाशा. वळणावर गाडी जुन्यातून नव्यात उतरते ती जागा बघण्यासारखी आहे: धुरळा तिथपर्यंत मागे लागतो आणि हद्दीवर थांबतो.

एक चूक सापडली. चढाच्या पायथ्याशी, जिथे सगळे ब्रेक दाबतात, आडव्या लाटा पडायला लागल्यात, धुण्याच्या दगडासारख्या. तिथे चिकण कमी पडली असावी, किंवा गाड्या जोरात येतात. बहुधा दोन्ही. गडग्याच्या चिऱ्यावर चुन्याने '२०' लिहून ठेवलंय. पुतण्या तिथे वेग कमी करतो, निदान मी ओटीवर असेन तेव्हा.

हिचा खोकला कमी आहे. एप्रिलमध्ये तसाही कमी असतो, त्यामुळे श्रेय घेत नाही.

२१ मे, बुधवार

कालपासून वळिवाच्या धारा. आंब्याच्या शेवटच्या काढणीची पंचाईत, भिजलेलं फळ काळं पडतं. पुतण्या ताडपत्र्या शोधतोय. वरच्या दोनशे मीटरांत चाकोऱ्यांतून लाल पाणी वाहतंय, पेट्या भरून आंबे घेऊन जाणारी गाडी दोनदा रुतली.

२६ मे, सोमवार

केरळात मान्सून परवा, २४ ला आला, आमच्याकडे काल, आज मुंबईत. मे संपायच्या आत मुंबईला पोचायची त्याने यंदा घाईच केली. मिरगाला दोन आठवडे बाकी असताना. रस्त्याला मुरायला आणखी एक उन्हाळी पंधरवडा मिळेल असं धरून चाललो होतो.

दुपारी छत्री घेऊन गेलो. नव्या तुकड्यावर पाणी मध्यावर थांबत नाही, दोन्ही बाजूंना पसरत गटारात उतरतंय. पाण्याचा रंग महत्त्वाचा. गटारात हात घालून ओंजळ भरली: फिकट, ताकाएवढी गढूळ. वरच्या तुकड्याच्या चाकोरीतली ओंजळ चहासारखी. ती बरणीत भरून घरी आणली आहे.

लाटा पडलेल्या जागी मात्र पाणी साचलं, तळहाताएवढी चार डबकी. आणि मोरीच्या तोंडाशी पातेरा अडकून गटार तुंबायला लागलंय; अजून अर्धा तास असाच पडला तर पाणी रस्त्यावर चढेल. दिवे गेलेत. घमेलं, फावडं आणि पुतण्याचा हेडलाइटवाला पिकअप, एवढं घेऊन आत्ताच निघावं लागणार. ही विचारते आहे, पावसात कुठे.